बिनकानाचा कप

अल-सिद्राह, ओमान
९ जानेवारी १९८३

प्रिय सौसनताई,

पोहोचलो. मस्कतहून दोन दिवस जीप, मग जीपने हात टेकले, मग अडीच तास गाढव. गाढवाने मला दोनदा पाडलं. हे आईला सांगू नकोस. तुला सांगतोय ते तू हसावंस म्हणून.

गाव म्हणजे डोंगराच्या कपारीत खोचलेली साठेक घरं, खाली खजुराच्या बागा, आणि वरच्या झऱ्यापासून बागांपर्यंत आणलेला दगडी पाट. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे ठरवायला यांच्याकडे काय आहे सांगू? एक काठी! अंगणात रोवलेली. तिची सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. या सावलीची तास-मिनिटं करून तक्ता बनवायचा, एवढ्यासाठी इथल्या सरकारने मला कैरोहून आणलंय. करार तीन महिन्यांचा आहे. पाणीखात्यात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला हे तीन आठवड्यांचं काम.

फक्त ही माणसं हलतील तर! सकाळी सातला मी वही घेऊन तयार, तर खल्फान म्हणाले, "आधी बस की लेका. कॉफी घे." खल्फान म्हणजे इथले पाटकरी, काठीचे मालक, वय विचारलं की हसतात. त्यांची बायको शम्सा किटलीतून ओतते. कप एवढासा, बिनकानाचा, त्यात घोटभर कॉफी. मी संपवली, तिने भरली. पुन्हा संपवली, पुन्हा भरली. अकरा कप झाले ताई. मी कपावर हात धरला, तर हात दुखून मी तो काढेपर्यंत ती थांबली आणि मग तिने कप भरला. शेवटी कप हातात धरूनच मी उठलो, म्हटलं मला कामं आहेत. खल्फान म्हणाले, "जा की. कप ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. अजून तू उठलायस कुठं?"

मी त्यांच्यासमोर उभा होतो बरं का. तर असा तुझा भाऊ खिशात कप घेऊन फिरतोय. बैठकीच्या कोपऱ्यात बसऱ्याचा एक खजूर-व्यापारीही कप घेऊन बसलेला असतो. त्याने मला विचारलं, बसऱ्याला टपालाची आगबोट महिन्यातून एकदाच येते का अजून. मी म्हटलं, कुठली आगबोट?

मेमध्ये तुझ्या लग्नाला हजर असेन. हात साबणाने धुऊन ठेवतो.

तू ज्याचं नाक पुसायचीस तो,
फिक्री


शुब्रा, कैरो
२ फेब्रुवारी १९८३

अरे फिक्री,

गाढवाची गोष्ट आईला मी पत्र वाचता वाचताच सांगितली. ती गाढवाच्या बाजूने आहे.

तुझी कॉफी राहू दे बाजूला, माझं ऐक. तारीख पक्की झाली. वसंताच्या सणानंतरचा गुरुवार, १२ मे. रमझान त्यापुढे महिनाभराने, तेव्हा मागेपुढे करायला जागा नाही. हिल्मीने ट्रामच्या कचेरीतून चार दिवसांची रजा घेतलीय. सगळ्या शहराचं वेळापत्रक लिहिणारा माणूस, पण स्वतःच्या लग्नाची वेळ काही त्याच्या हातात नाही, असं तिथे त्याला चिडवतात.

मला तेहेतीस वर्षं पूर्ण झाली. त्यातली पंधरा मी दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे शिवण्यात घालवली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझं तर नाक चांगलं लांब आहे. तेव्हा सतराशे एकावं विघ्न तू होऊ नकोस.

काझी म्हणाला, कायद्याला भाऊ लागत नाही, सज्ञान बाई स्वतः होकार देऊ शकते. आईने त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावला. बाबा जाताना तिला म्हणाले होते, निकाहाच्या वेळी नवरीच्या वतीने रुमालाखाली हिल्मीच्या हातात हात देईल तो फिक्रीच. आता तिने शपथ घेतलीय की दुसरा हात त्या रुमालाखाली जाणार नाही. आणि खरं सांगू? मलाही तोच हात हवाय. त्या हाताला धरून मी तुला शाळेत नेलंय. रुमाल मी शिवून ठेवलाय, पांढरा, कडेला बारीक जाळी.

एप्रिल संपायच्या आत ये. तक्ता झाला नाही तर नाही झाला, इतकी शतकं त्यांचं काही अडलं नाही.

तुझी ताई


अल-सिद्राह
१९ जानेवारी १९८३

प्रिय ताई,

पत्र आजच मिळालं, आजच उत्तर देतोय. १२ मे वहीत लिहून ठेवली. अजून पुष्कळ वेळ आहे. तू मात्र पत्रावर फेब्रुवारीची तारीख टाकलीस! नवऱ्या मुलीला इतकी घाई शोभत नाही.

कामाची गंमत सांगतो. इथली एक पाळी म्हणजे अर्धा तास, असं सगळे म्हणतात. मी घड्याळ लावून काठीसमोर बसलो. सावली दोन बोटं सरकेपर्यंत घड्याळात तीन वाजून गेले, चार वाजून गेले. तासकाटा डोळ्यांदेखत फिरत होता. दुसऱ्या दिवशी आणखी जोरात. बाबांचं घड्याळ ते, इतकी वर्षं मिनिटाने चुकलं नव्हतं. खल्फानना दाखवलं तर ते म्हणाले, "त्याला कशाला बोल लावतोस? ते तुझ्या गावचं. तिकडच्या ओढीनं पळतंय." मी ते काढून ट्रंकेत ठेवलंय. रात्री झाकण लावलं तरी त्याची टिकटिक ऐकू येते, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तशी.

पण एक कबूल करतो. पहिले चार दिवस मी सारखा पाय हलवत बसायचो. आता पाय हलत नाही. पाण्याची पाळी बदलताना कोणी ओरडत नाही, एक माणूस एक दगड उचलून दुसरीकडे ठेवतो, झालं. मी वही उघडतो आणि पाणी बघत बसतो. दाढीचं एकच पातं इतक्या दिवसांत पुरलंय, साबणाची वडीही तशीच्या तशी. इथल्या हवेत माणूस झिजत नाही बहुतेक.

आईला सांग, जेवण चांगलं आहे. रुमाल पेटीत नीट ठेव.

तुझा फिक्री


शुब्रा, कैरो
१ जून १९८३

फिक्री,

तुझं पत्र परवा आलं, ३० मेला. त्यावर तारीख १९ जानेवारीची. साडेचार महिने हे पत्र कुठल्या गाढवावर बसून आलं?

१२ मे होऊन गेली. ऐकतोयस ना, होऊन गेली. सकाळपासून दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. काझी दुपारी येऊन बसला. हिल्मी नवा कोट घालून विमानतळावर तीन फेऱ्या मारून आला. संध्याकाळी सातपर्यंत बायका मला धीर देत होत्या, त्यानंतर त्या एकमेकींशी बोलायला लागल्या. काझी म्हणाला, मामा आहेत, शेजारी आहेत, कोणाचाही हात चालेल. आई नाही म्हणाली. मीही नाही म्हणाले. सगळ्यांनी आईला हट्टी ठरवलं, पण त्या दिवशी हट्ट माझाच जास्त होता.

झगा उतरवताना तो मी स्वतःच शिवलाय हे मला आठवलं, आणि मी रडले. हिल्मी दारात उभा राहून म्हणाला, "गाडी चुकली तर दुसरी येते, सौसन. मी बघतो ना रोज." या माणसाला रागावताही येत नाही.

तू आजारी असशील तर सांग. लाज वाटत असेल तर तीही सांग. मी मारीन, पण माफ करीन. नवी तारीख धरत नाही, तू आलास की त्याच आठवड्यात उरकू. फक्त नीघ.

सौसन


अल-सिद्राह
२७ जानेवारी १९८३

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी काळजीत पडलो. खल्फाननाही वाचून दाखवलं. तू १२ मे होऊन गेली म्हणतेस, ताई, इथे अजून थंडी आहे. तू मला विणून दिलेला तपकिरी स्वेटर अंगात आहे. बदामाला आत्ता कुठे कळ्या धरल्यात. तू फार काम करतेस, रात्र रात्र मशीन चालवतेस, त्यामुळे माणसाला भास होतात. काझी काय, खुर्च्या काय, स्वप्नात इतकं सगळं बारकाईने दिसतं का?

थोडी बस ताई. तुला बसलेली मी कधी पाहिलेलीच नाही. तू उभ्यानेच जेवतेस. इथे आलीस तर शम्सा तुझा हात धरून तुला खाली बसवील, कामाला जुंपल्यासारखी पळू देणार नाही.

पत्र आलं ते परवा. परवा मी पाटावर होतो, काल वाचीन म्हटलं, आज वाचलं. आता मी ठरवलंय, पत्र आलं की बैठकीतल्या फडताळात ठेवायचं आणि कॉफी झाली की सावकाश फोडायचं. बसऱ्याच्या शेटजींचीही पत्रं तिथेच आहेत, चांगली चळतभर. त्यांच्यावरच्या तिकिटांवर कुठल्याशा राजाचं तोंड आहे, मी ओळखला नाही.

हिल्मीभाऊंना सलाम. मेमध्ये भेटूच.

फिक्री


शुब्रा, कैरो
२ सप्टेंबर १९८६

फिक्री,

तुझं मागचं पत्र मिळाल्याला वर्ष झालं. त्यावरची तारीख बघून मी ते फाडणार होते, हिल्मीने काढून घेतलं. मध्ये मी तुला नऊ पत्रं पाठवली, एकाचं उत्तर नाही.

हिल्मीचा मावसभाऊ मस्कतला ट्रक चालवतो. आम्ही त्याला तुझ्याकडे पाठवलं. त्याने येऊन काय सांगितलं ते तुला लिहिते, म्हणजे वेडी मी आहे की तू, ते तूच ठरव. तो म्हणाला, फिक्री बैठकीत बसलेला होता, अंगात तपकिरी स्वेटर, त्याचा एक धागाही उसवलेला नाही. म्हणाला, "ताईला सांगा, हा कप झाला की निघतोच." मावसभावाने तिथे एकच कप घेतला. त्याला त्या मुलखाची रीत ठाऊक, म्हणून तो संपताच त्याने हलवून परत दिला. जेवला, एक झोप काढली आणि उतरला. खाली त्याचा ट्रक धुळीने मढलेला, चारी चाकं बसलेली. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. त्याची ती एक झोप आठ महिन्यांची झाली होती, फिक्री. तो आता त्या डोंगराचं नाव काढू देत नाही.

आणि दुसरी गोष्ट. ती लिहायला मी चार दिवस हे पत्र उघडून बसले आहे.

आपली आई गेली. गेल्या गुरुवारी, पहाटे. साखरेने आधी डोळे नेले, मग पाय. शेवटच्या आठवड्यात दाराचा आवाज झाला की म्हणायची, "फिक्री आला का? त्याला आधी जेवू दे, मग ओरड." माती द्यायला मुलगा नव्हता. तिला कबरीत हिल्मीने उतरवलं. तो अजून आपला कोणी लागत नाही, तरी त्याने उतरवलं.

तुला शिव्या द्यायला आज माझ्याकडे जोर नाही.

सौसन


अल-सिद्राह
२ फेब्रुवारी १९८३

प्रिय ताई,

तुझी बरीच पत्रं आलेली दिसतात, फडताळ भरत आलंय. एकही अजून फोडलं नाही, रागावू नकोस. कॉफी हातात असताना पत्र फोडणं बरं दिसत नाही. सगळी एकदम सावकाश वाचीन.

तुला एक काम सांगायचं होतं. आईला म्हणावं, यंदाची मुलुखिया थोडी वाळवून ठेव, मी आलो की पहिल्या दिवशी तीच भाजी, वरून लसणाची फोडणी. आणि तिच्या डोळ्यांत थेंब घालायला विसरू नका.

तक्ता झालाच नाही. आज वही शोधली तर पानं पिवळी पडून कडेने तुटायला लागलीत, कागद हलका असावा. खल्फान म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पाण्याला वाचता येतंय थोडंच?" आम्ही खूप हसलो. बसऱ्याचे शेटजीही हसले. मला वाटतं ते इथे आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

मे अजून लांब आहे.

फिक्री


शुब्रा, कैरो
११ नोव्हेंबर १९९०

पाटकरी खल्फान यांस,

सलाम. मी फिक्रीची मोठी बहीण, सौसन. माझ्या भावाने मेलेल्या आईसाठी निरोप पाठवलाय, तिला भाजी वाळवायला सांग म्हणून. ते पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला कळेना की आता हे कोणाला वाचून दाखवू.

तुम्ही घरंदाज माणसं असाल. मी तुमच्यावर आळ घेत नाही. पण इथे एक बाई आठ वर्षं नवरी होऊन बसली आहे, आता तिचे केस पिकायला लागले. माझ्या भावाला तुम्ही धरून का ठेवलंय? काय घेऊन सोडाल?

सौसन


(या पत्रावर तारीख नव्हती. शुब्रात ते १९९३च्या डिसेंबरात पोहोचलं.)

बाई सौसन,

मला लिहिता येत नाही. मी बोलतो, मशिदीतला माणूस लिहितो.

धरून आम्ही कोणालाच ठेवत नाही. आमच्याकडे पाहुण्याला कॉफी पुरे झाली की तो कप असा थोडा हलवतो आणि परत देतो. मग आम्ही उठतो, त्याचं गाढव आणतो, वेशीपर्यंत पोचवतो. जोवर कप हलवला नाही तोवर तो बसलाय, आणि बसलेल्या पाहुण्याचा कप रिकामा ठेवणं आमच्या बापजाद्यांनी केलं नाही. त्याच्या हातून कप काढून घेणं तर हाकलून देण्यासारखं. आणि कप हलव असं आपणहून सांगणं, तेही हाकलणंच झालं, नाही का?

तुझा भाऊ पहिल्या दिवशी न हलवता उठला. आम्ही म्हटलं, शहरचा आहे, परत बसेल. तो बसला. चांगला मुलगा आहे. पाण्याकडं फार छान बघतो.

तुझे केस पिकले म्हणतेस. इकडे ये. बस.

खल्फान


अल-सिद्राह
४ मार्च १९९४

प्रिय हिल्मी,

हे पत्र फिक्रीच्या हाती देतेय. हो, फिक्रीच्या! तो निघतोय. आधी ते सांगून टाकलं, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

मी काल दुपारी पोहोचले. तुला शब्द दिला होता की एकच कप, लगेच हलवायचा, आणि झोपायचं नाही. वाटभर मी तेच घोकत आले. बैठकीच्या दारातून आत पाहिलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. तो एकोणतीस वर्षांचा आहे, हिल्मी. काळेभोर केस, तोच स्वेटर. मला बघून म्हणाला, "अगं, तूच आलीस? मी निघतच होतो." मग त्याने माझ्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, पीठ चाळत होतीस का?"

मी त्याला हाताला धरून उठवलं, ओरडले, थोबाडीतही मारली. तो हसत राहिला. "कप हलव," म्हटलं, तर म्हणाला, "हा झाला की." रात्रभर असंच. मला झोप आली नाही, कोणालाच आली नाही, आणि शम्सा येऊन ओतत राहिली. मी बोलण्याच्या नादात घेत राहिले.

सकाळी मी फडताळातली पत्रं काढली आणि १९८६चं शोधलं. खल्फान म्हणाले, "कॉफी हातात असताना नको गं पोरी." मी त्यांचं ऐकलं नाही. फोडलं आणि मोठ्याने वाचलं. 'त्याला आधी जेवू दे, मग ओरड', इथपर्यंत मी आले आणि फिक्रीच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेर पाटावरची माणसंही थांबली. तो थरथरायला लागला. हात थरथरला, कप थरथरला, कॉफी स्वेटरवर सांडली.

आणि खल्फान उठले. दोन्ही हातांनी त्याचा कप घेतला, उपडा घातला आणि म्हणाले, "हलला. कशानं हलला ते आम्ही विचारत नाही. जा लेका, देव तुझ्यासोबत." शम्सा त्याचं गाढव आणायला गेली. बसऱ्याचे शेटजी भिंतीकडे तोंड करून बसले.

फिक्रीने ट्रंकेतून बाबांचं घड्याळ काढून मनगटाला बांधलंय. रुमाल मी त्याच्या खिशात घातलाय. आता नीट वाच. मी, सौसन, पूर्ण शुद्धीत लिहून देते की हिल्मीशी लग्नाला माझा होकार आहे आणि माझ्या वतीने माझा भाऊ फिक्री त्याच्या हातात हात देईल. दोन साक्षीदार म्हणून इथल्या दोघांचे अंगठे खाली आहेत. वाटेत माझं काही बरंवाईट झालं तर लग्न अडू नये, म्हणून हे लिहिलं.

मी त्याच्या मागोमाग निघतेच. माझा कप अजून अर्धा आहे, तेवढा संपवते. तुला खोटं सांगणार नाही, इथे बसून फार बरं वाटतंय. मी आयुष्यात कधी बसले आहे का, हिल्मी? मशीनसमोर बसणं म्हणजे काही बसणं नाही. सुईने भोकं पडलेलं माझं बोट गेली वीस वर्षं ठणकतंय, ते आज ठणकत नाही. समोर चटईवर उन्हाचा एक चौकोन पडलाय. पत्र लिहायला घेतलं तेव्हा तो किटलीला टेकला होता, अजून तिथेच आहे.

वसंताच्या सणाआधी घरी असेन. दिव्यांच्या माळा काढून ठेव.

तुझी सौसन


शुब्रा, कैरो
गुरुवार, २० नोव्हेंबर १९९७

माझी सौसन,

तुझा भाऊ मंगळवारी दारात उभा राहिला. मी ओळखलं नाही. म्हणाला, गाव सोडताना चांगला होतो, खाली बसमध्ये डुलकी लागली, जाग आली तेव्हा दाढी छातीवर आली होती आणि समोरची पाटी वाचता येईना. तो आता त्रेचाळीसचा आहे, आणि दिसतोही तेवढाच. त्याच्या मनगटावरचं घड्याळ मी माझ्या घड्याळाशी लावून पाहिलं, जन्मभराची सवय. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

तो वारंवार सांगत होता की ताई मागेच आहे, उद्या येईल. मग त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि जमिनीवर बसला. तुझ्या पत्रावर ४ मार्च १९९४ आहे, सौसन. त्याला तीन वर्षं आणि आठ महिने झाले. मधल्या काळात मी दर सणाला माळा लावल्या, आठवडाभर ठेवल्या आणि काढल्या. दोनदा मस्कतमार्गे डोंगराच्या पायथ्यापर्यंत आलो. गाढववाले म्हणाले, असं गाव त्यांना माहीत नाही.

तो काल आईच्या कबरीवर जाऊन आला. संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

आज आम्ही लग्न लावलं. तुझा होकार काझीने दोनदा वाचला, अंगठे बघितले, आणि म्हणाला, नवरी घरात हजर असलीच पाहिजे असा काही नेम नाही. मी पन्नास वर्षांचा, फिक्री अर्धवट पिकलेल्या दाढीचा. आम्ही समोरासमोर बसलो, हातात हात घेतला, वरून तुझा रुमाल. काझीने वरून स्वतःचा हात दाबून धरला. गल्लीतल्या बायकांनी जिभा वाजवून आनंद केला, पण मग त्या तुझ्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. तू आता माझी बायको आहेस.

मी वेळापत्रकं लिहिणारा माणूस. तुमच्या सगळ्यांच्या पत्रांवरच्या तारखा मी कागदावर मांडून पाहिल्या. तिथला दिवस दर खेपेला लांबत चाललाय. पहिल्यांदा दहा दिवसांत साडेचार महिने गेले, मावसभावाच्या एका झोपेत आठ महिने, तुझ्या एका रात्रीत पावणेचार वर्षं. पुढचं गणित मी मांडलं आणि कागद फाडला. तुला अजून एक रात्र परवडेल, मला नाही.

मी तुला बसू नकोस म्हणत नाही. तू इथेही बसशील. मी स्वयंपाक शिकलोय, मशीन विकून टाकू, खिडकीत तुझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे, चांगली, उशी घातलेली. तिथे दिवसभर बस आणि कोणी ऊठ म्हटलं तर त्याच्याशी मी भांडीन. या जन्मात एकदा तरी भांडीन.

पण हे सगळं मी कोणाला लिहितोय? फिक्रीने मला फडताळाबद्दल सांगितलंय. हे पत्र तू फोडणार नाहीस. खल्फान ते घेतील आणि बाकीच्या चळतीवर ठेवतील. म्हणून सांगायचं ते पाकिटाच्या बाहेरच लिहिलंय, तेही मोठ्या अक्षरांत. फडताळात ठेवताना कोणाच्या हातात असलं तरी तुला बसल्या जागेवरून दिसेल:

सौसन, लग्न लागलं. मी दारात उभा आहे. कप हलव.